रंगवायच्या मिनिएचरचा ढीग आणि अंगावर आलेली तारीख: दर वेळी कुठे अडतं आणि ते कसं सोडवायचं

टेबलावरच्या युद्धखेळांचे छोटे पुतळे, म्हणजे मिनिएचर किंवा मिनी, रंगवणाऱ्यांची तक्रार नेहमीची आहे. स्पर्धेची किंवा नव्या मोहिमेची तारीख दोन महिने आधी कळलेली असते. रंग असतात, ब्रश असतात, उत्साहही असतो. तरी शेवटच्या आठवड्यात पाहावं तर निम्मं सैन्य राखाडी प्लॅस्टिकचंच, उरलेल्यातलं निम्मं नुसतं प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारलेलं, आणि पूर्ण म्हणाव्यात अशा मिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग जागरणं, घाईत फासलेले जाड थर आणि पुढच्या खेपेला लवकर सुरुवात करण्याचा निश्चय. पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

लवकर सुरुवात करणं हा यावरचा इलाज आहे असं मला वाटत नाही. ज्यांच्या हाताशी चार महिने असतात त्यांचीही हीच गत होते. वेळ दोन ठिकाणी गळतो: ब्रश हातात घेतल्यावर ‘आता या पट्ट्याला कोणता रंग’ हे ठरवण्यात, आणि ओला रंग वाळायची वाट बघण्यात. प्रत्यक्ष रंग लावायला लागणारा वेळ त्या मानाने कमी असतो. खाली सांगितलेलं बहुतेक सगळं या दोन गळत्या बंद करण्यासाठी आहे. मधे मधे रंग, प्रायमर आणि वार्निश यांचे जे बिघाड ऐन वेळी छळतात, तेही घेतले आहेत.

ढीग मिनिटांत मोजा

‘चाळीस मिनी बाकी आहेत’ या आकड्याने फक्त धास्ती वाटते, कामाचा अंदाज येत नाही. सपाट चिलखतातला पायदळ सैनिक आणि पट्टे, पिशव्या, पिसं, साखळ्या लटकवलेला सरदार मोजताना एकेकच धरले जातात. पण एकाला तासभर लागतो आणि दुसऱ्याला अख्खी सुटी. म्हणून सैन्यात जो प्रकार सर्वांत जास्त संख्येने आहे, त्यातली एक मिनी घ्या आणि घड्याळ लावून पहिल्या थरापासून बेसच्या (मिनी जिच्यावर उभी असते त्या चकतीच्या) कडेपर्यंत पूर्ण करा. वाळण्याचा वेळ धरू नका, हात चालला तेवढाच धरा.

समजा या नमुन्याला ७० मिनिटं लागली. तुकडीने रंगवताना बाटली उघडणं, रंग पातळ करणं, ब्रश धुणं हे सगळ्यांसाठी मिळून एकदाच होतं, त्यामुळे दर मिनीमागे ५० मिनिटं धरायला हरकत नाही. सैनिक ३० असतील तर २५ तास झाले. सरदाराचे ४ तास धरा, एकूण २९. आता तुमच्याकडचा वेळ बघा. एका संध्याकाळी खरोखर ब्रश चालतो दीड तास, आठवड्यात पाच संध्याकाळी जमतात, म्हणजे आठवड्याला साडेसात तास. चार आठवड्यांचे ३० तास होतात आणि कागदावर हिशेब बसतो.

फसगत होते ती इथेच. शेवटचा आठवडा रंगवण्यासाठी मोकळा नसतो. बेस, वार्निश, निखळलेले हात परत चिकटवणं आणि अचानक हुकणारी एखादी संध्याकाळ यांतच तो जातो. म्हणजे हातात उरले साडेबावीस तास. तूट आली साडेसहा तासांची, दर सैनिकामागे १३ मिनिटांची.

ही १३ मिनिटं पहिल्याच दिवशी समोर आली तर काय गाळायचं ते शांतपणे ठरवता येतं. चिलखताच्या प्रत्येक कडेवर ओढायची उजळ रेघ, म्हणजे एज हायलाइट, वगळली तर बहुतेक सैन्यांत तेवढी मिनिटं सुटतात. तीच तूट शेवटच्या दोन रात्रींत कळली तर तोपर्यंत दहा सैनिकांना रेघा ओढून झालेल्या असतात आणि वीस तसेच राहतात. मग सैन्य एकसंध दिसत नाही.

एक हिशेब बहुतेक जण विसरतात, तो जुळणीचा. स्प्रूवरून (भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) भाग कापणं, साच्याची रेघ खरवडणं, फटी बुजवणं यांत पाच मिनी एक संध्याकाळ सहज खातात. ढिगात न जोडलेले खोके असतील तर त्यांचे तास वेगळे लिहा. सगळी जुळणी आधी उरकून टाकावी असं माझं मत आहे, कारण सुरी आणि गोंद यांच्याकडून ब्रशकडे आणि परत असं रोज केलं तर मांडामांडीतच अर्धा तास जातो. गोंद मात्र योग्य निवडा: प्लॅस्टिक सिमेंट पॉलिस्टायरीनला, म्हणजे मिनींच्या कडक प्लॅस्टिकला, विरघळवून सांधतं, रेझिन आणि धातूवर त्याचा काहीच उपयोग नाही. तिथे सुपरग्लू लागतो.

‘पूर्ण झाली’ म्हणजे काय, ते लिहून ठेवा

अनुशेष वाढण्याचं हे सर्वांत न दिसणारं कारण आहे. मिनी कधी पूर्ण झाली हे ठरलेलं नसतं, म्हणून ती कधीच पूर्ण होत नाही. बक्कल राहिलं, डोळे राहिले, मागच्या पिशवीवर सावली राहिली, असं करत ती पुन्हा पुन्हा हातात येते.

आधी जिथे जायचं आहे तिथला नियम वाचा. वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळात २०२० साली आलेल्या नवव्या आवृत्तीपासून पूर्ण सैन्य ‘बॅटल रेडी’ असेल तर सामन्यात १०० पैकी १० गुण मिळतात. बॅटल रेडी म्हणजे मुख्य भागांवर त्यांचे त्यांचे रंग आणि बेसवर साधं का होईना पण काम. यात डोळे नाहीत, एज हायलाइट नाही. त्याआधीही कितीतरी स्पर्धांत ‘किमान तीन रंग आणि बेस’ एवढीच अट असायची. १९८७ पासून चालत आलेल्या गोल्डन डेमनसारख्या रंगकामाच्या स्पर्धेत एकेका मिनीवर कित्येक आठवडे घालवणारे लोक असतात आणि त्यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण ते काम वेगळं आणि सैन्य टेबलावर उतरवणं वेगळं. ती छायाचित्रं समोर ठेवून तीस सैनिक रंगवायला बसलात तर तारीख हमखास चुकते.

तुमची व्याख्या एका कागदावर चार-पाच ओळींत उतरवा. माझ्या मते टेबलासाठी पुरेशी व्याख्या अशी: प्रत्येक मुख्य भागाला सपाट, झाकणारा रंग, सगळ्यावर एक वॉश (खळग्यांत साचून सावली देणारा पातळ रंग), चेहरा आणि शस्त्र या दोनच ठिकाणी थोडी उजळणी, बेसवर पोत आणि बेसची कड एका रंगात स्वच्छ. २८ मिलिमीटरचा सैनिक हातभर अंतरावरून पाहिला की नजर याच जागांवर जाते, चेहरा, शस्त्र आणि बेस. बुटाच्या बंदाकडे कोणी बघत नाही. बेसची कड तर मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रंगाचे शिंतोडे उडालेली कड असेल तर उत्तम रंगवलेली मिनीही अर्धवट दिसते. स्वच्छ काळी किंवा तपकिरी कड असेल तर साधं कामही नीटनेटकं वाटतं.

नमुना आणि त्याची कृती

घड्याळ लावून रंगवलेली ती पहिली मिनी तुमचा नमुना. ती रंगवताना प्रत्येक पायरी लिहा: प्रायमर कोणता, कातडीवर कोणता रंग, त्यावर कोणता वॉश, पट्टे कोणत्या बाटलीतून, आणि हे कोणत्या क्रमाने. रंग मिसळून बनवला असेल तर प्रमाण लिहा. खरं तर सैन्यासाठी मिसळलेला रंग वापरूच नये, थेट बाटलीतला वापरावा. तिसऱ्या तुकडीला तोच मिश्रणाचा रंग पुन्हा जमवताना नाकी नऊ येतात आणि फरक उठून दिसतो.

क्रमाचं महत्त्व मोठं आहे. पसरणारं काम आधी, नेमकं काम नंतर. ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) आजूबाजूला उडतोच, म्हणून साखळीचिलखत, लोकर, केस हे ड्रायब्रश करायचे भाग सर्वांत आधी. मग आतून बाहेर: कातडी, कापड, त्यावरचं चिलखत, त्यावरचे पट्टे. जो भाग खोल आहे त्यावर ब्रश घालताना बाहेरच्या भागाला लागणारच, तेव्हा बाहेरचा भाग नंतर रंगवला की चूक आपोआप झाकली जाते. धातूचे रंग वॉशच्या आधी लावले तर एकच वॉश कापड आणि लोखंड दोन्हीला सावली देतो. धातूच्या रंगानंतर पाणी मात्र बदला. त्यातली चमकदार पूड ब्रशमधून इतर रंगांत जाते आणि कातडीवर ठिपके चमकायला लागतात.

प्रायमरचा रंगही इथेच ठरतो. सैन्यावर जो रंग सर्वांत जास्त दिसणार, त्याच्या जवळचा प्रायमर घ्या. हिरवं सैन्य असेल तर हिरवा स्प्रे, म्हणजे मोठी पायरी जागच्या जागी गळाली. पिवळा आणि पांढरा हे वेळखाऊ रंग. काळ्यावर पिवळा झाकायला चार-पाच थर लागतात. खाली आधी गेरूसारखा तपकिरी-पिवळा किंवा गुलाबी थर दिला तर दोनांत भागतं. पांढऱ्याच्या खाली फिकट राखाडी द्या आणि शुद्ध पांढरा फक्त उंचवट्यांवर ठेवा.

तुकडी किती मोठी

‘सगळे तीस एकदम’ हा सल्ला ऐकायला कार्यक्षम वाटतो. अनुभवाने सांगते, त्याने माणूस खचतो. दोन संध्याकाळी नुसते बूट रंगवत बसलं तरी टेबलावर पूर्ण झालेली एकही मिनी दिसत नाही, आणि तिसऱ्या संध्याकाळी बसायची इच्छाच होत नाही. एकेक मिनी पूर्ण करत गेलं तर वाळण्याची वाट बघण्यात वेळ जातो. पाच ते आठची तुकडी मधली आणि योग्य. पातळ ॲक्रिलिक थर वाळायला काही मिनिटं लागतात. आठव्या मिनीपर्यंत पोहोचेस्तोवर पहिली वाळलेली असते, हात थांबत नाही आणि तीन-चार बैठकांत एक तुकडी पूर्ण होऊन बाजूला ठेवता येते.

वॉश आणि एका थरात सावली-उजेड देणारे कॉन्ट्रास्टसारखे रंग वाळायला अर्धा तास आणि कधी जास्तही घेतात. म्हणून ती पायरी बैठकीच्या शेवटी ठेवा. वॉश मारा, उठा, रात्रभर वाळू द्या. बेसवर वाळू चिकटवायचा पांढरा गोंद, स्प्रे, वार्निश यांचंही तसंच, ही झोपण्याआधीची कामं. एवढा एक बदल केला तरी आठवड्याला एखादी संध्याकाळ वाचते. घाई असेल तर हेअर ड्रायर थंड हवेवर चालतो. गरम हवेने पातळ तलवारी आणि भाले वाकतात, रेझिनचे तर लगेच.

मिनी बोटांत धरून रंगवू नका. बाटलीच्या झाकणावर किंवा लाकडी पट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने ओळीने लावा. पट्टीवर पाच सैनिक असले की उचलणं, फिरवणं, ठेवणं हे पाच वेळा होत नाही. शिवाय बोटांच्या तेलाने आणि घर्षणाने उंचवट्यांवरचा रंग निघतो, तो त्रासही टळतो. आणि ओली पॅलेट जरूर वापरा: डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर. रंग तासन् तास ओला राहतो. डबा झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशीही तोच रंग चालतो, नव्याने पातळ करायची गरज नाही.

झटपट पद्धती: कोणती कुठे फसते

कॉन्ट्रास्ट रंग २०१९ साली बाजारात आले आणि तारखेशी झगडणाऱ्यांचं जगणंच बदललं, असं मी मनापासून म्हणते. फिकट प्रायमरवर एकच थर, खळग्यात तो साचून सावली होते, उंचवट्यावर पातळ राहून उजळपणा येतो. केस, लोकर, कातडी, कापडाच्या घड्या, राक्षसी प्राणी यांवर याला तोड नाही. सपाट, मोठ्या पृष्ठभागावर मात्र तो डागाळतो. रणगाड्याच्या बाजूवर ढगांसारखे चट्टे उठतात. तिथे साधा रंग आणि ड्रायब्रश बरा. पातळ करायचा झाला तर पाण्याऐवजी त्याचंच मीडियम (पातळ करायचा द्रव) घाला. पाण्याने त्याचा प्रवाह बिघडतो.

आर्मी पेंटर कंपनीचे याच धाटणीचे स्पीडपेंट २०२२ मध्ये आले. त्यांच्या पहिल्या आवृत्तीत एक अडचण होती: वाळलेला रंग वरून ओला ब्रश फिरला की पुन्हा सुटायचा आणि वरच्या थरात मिसळायचा. लालावर पांढरा पट्टा ओढायला जावं तर तो गुलाबी व्हायचा. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती अडचण दूर झाली. तुमच्याकडे जुन्या बाटल्या असतील तर त्या शेवटच्या पायरीसाठी ठेवा, किंवा त्यांच्यावर काम करण्याआधी स्प्रे वार्निशचा एक थर द्या.

काळा प्रायमर, त्यावर राखाडी ड्रायब्रश, मग फक्त उंचवट्यांवर पांढरा, आणि त्यावर पारदर्शक रंग ही स्लॅप चॉप म्हणून ओळखली जाणारी पद्धत. सावल्या-उजेड आधीच तयार असल्याने रंग नुसता भरायचा. अंधाऱ्या, मळकट सैन्याला उत्तम. चमकदार, स्वच्छ रंग हवे असतील तर मात्र हिच्यामुळे सगळं काजळल्यासारखं होतं. ड्रायब्रशसाठी मेकअपचा गोल, मऊ, दाट ब्रश घ्या, खरखरीत ब्रशाने रेघोट्या पडतात.

लाकडाच्या रंगीत वार्निशात मिनी बुडवण्याची जुनी पद्धतही अजून चालते. शंभर ऐतिहासिक पायदळ सैनिक उभे करायचे असतील तर तिला पर्याय कमीच. एवढंच की ते वार्निश वाळायला पूर्ण दिवस धरावा लागतो आणि चकाकी मारायला वर मॅट वार्निश लागतंच.

पद्धत कोणतीही घ्या, नमुन्यावर ठरलेली शेवटपर्यंत बदलू नका.

ऐन वेळचे बिघाड

प्रायमर वाळूसारखा खरखरीत लागतोय. बहुतेक वेळा स्प्रे लांबून मारलेला असतो किंवा हवा गरम आणि कोरडी असते, रंग हवेतच वाळून भुकटी होऊन बसतो. डबा पुरेसा न हलवणं हेही कारण. दोन मिनिटं मनापासून हलवा, २० ते ३० सेंटिमीटरवरून लहान लहान फवारे मारा, फवारा मिनीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. खरखर झालीच असेल तर कोरड्या टूथब्रशने हलकेच घासून बघा, बरीचशी भुकटी निघते. तरी राहिलीच तर त्या मिनी मागच्या रांगेत ठेवा आणि त्यांच्यावर चिखल, गंज यांचा प्रभाव द्या. तारीख जवळ असताना रंग काढून पुन्हा प्रायमर मारण्याच्या फंदात पडू नका. नंतर काढायचाच असेल तर कडक प्लॅस्टिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, ॲसिटोन कधीही नाही. ते पॉलिस्टायरीनच विरघळवतं.

प्रायमर दुसऱ्या दिवशीही चिकट आहे. बोर्ड गेममधल्या मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या मिनींना हा आजार होतो. काही स्प्रेमधले द्रावक त्या प्लॅस्टिकशी जमत नाहीत आणि थर कधीच पुरता वाळत नाही. वाट बघण्यात अर्थ नाही. अशा मिनींना ब्रशने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर वापरा, आणि सगळ्यांवर मारण्याआधी एकीवर करून बघा.

रंग सोलून निघतोय. रेझिनवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ राहिलेला असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, जुना टूथब्रश, मग नीट वाळवणं, एवढं प्रायमरआधी केलं की प्रश्न मिटतो. सोललेल्या जागेची कड बारीक घासून तिथे ब्रशने प्रायमर लावला तर अख्खी मिनी पुन्हा करावी लागत नाही. रेझिन घासताना मास्क लावा, आणि ओलं करून घासा. ती धूळ फुप्फुसांना वाईट.

वॉश वाळल्यावर गोल डाग पडलेत. सपाट जागी जादा वॉश साचला आणि कडेने वाळत गेला. ओला असतानाच, पहिल्या मिनिटाभरात, पुसून ओलसर ठेवलेला ब्रश टेकवून जादा द्रव टिपून घ्यायचा. अर्धवट वाळला असेल तर हात लावू नका, पापुद्रा फाटतो आणि डाग दुप्पट दिसतो. पूर्ण वाळू द्या आणि मूळचा रंग सपाट भागावर पुन्हा लावा, खळग्यातली सावली तशीच राहू द्या.

मॅट वार्निशनंतर मिनी धुक्यात गेल्यासारखी पांढरट झाली. हा बिघाड सर्वांत जिव्हारी लागतो, कारण तो सगळं झाल्यावर होतो. दमट हवा, जाड थर किंवा न हललेला डबा ही कारणं. लगेच घाबरून रंग काढायला घेऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग चकचकीत वार्निशचा पातळ थर द्या. पुष्कळदा धुकं विरतं. त्यानंतर हवा कोरडी असेल तेव्हा पुन्हा मॅट, किंवा थेट ब्रशने लावायचं मॅट. हवेचा भरवसा नसेल तर सुरुवातीपासूनच ब्रशचं वार्निश वापरा. वेळ थोडा जास्त जातो पण झोप नीट लागते. स्प्रेच वापरायचा असेल तर सगळं सैन्य एकदम मारण्याआधी एक मिनी मारून तासभर थांबा.

ताज्या सुपरग्लूजवळ बुरशीसारखी पांढरी पूड दिसते ती त्याच्या वाफेची. गोंद लावलेली मिनी बंद डब्यात ठेवू नका. झालीच असेल तर त्यावर वॉश किंवा वार्निश लावलं की ती दबते.

मधेच काम थांबतं त्याची कारणं

तुकड्या चालू असताना निम्म्यावर आलं की मन दुसरीकडे ओढ घेतं, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. ती ओढ तीन रूपांत येते.

पहिलं रूप, रंगसंगती बदलाविशी वाटणं. पंधरा निळे झाले की जांभळा जास्त चांगला दिसला असता असं वाटायला लागतं. तारखेनंतर जांभळं सैन्य जरूर करा. आत्ता केलं तर दोन अर्धी सैन्यं होतील.

दुसरं, सरदार. तो सर्वांत सुंदर मिनी असतो, आणि सगळे त्याच्यापासून सुरुवात करतात. सगळी ताकद, सगळी संध्याकाळ तिथे जाते आणि मागे तीस सैनिक राहतात. मी उलट क्रम सुचवते: निम्मे सैनिक, मग सरदार, मग उरलेले सैनिक. हात तोवर बसलेला असतो, पद्धत पाठ झालेली असते, आणि निम्म्यावरच्या कंटाळ्यावर मनाजोगतं काम हेच औषध.

तिसरं, नवा खोका. इथे मी कोणाला ‘विकत घेऊ नका’ असं सांगणार नाही. आलेला खोका नजरेआड ठेवा, एवढंच. ढिगाचेही दोन भाग करा: या तारखेला लागणाऱ्या मिनी टेबलाजवळ, बाकी सगळ्या कपाटात दार लावून. दोनशे मिनी रोज डोळ्यांसमोर असतील तर त्यातल्या तीस पूर्ण झाल्याचा आनंदच वाटत नाही. बाकीचं भिजत घोंगडं तसंच राहू द्या, त्याची वेळ नंतर येईल.

आणि टेबल. रोज मांडायचं आणि रोज आवरायचं असेल तर वीस मिनिटं बसायला मिळाली तरी कोणी बसत नाही. कायमची जागा नसेल तर सगळं एका ट्रेमध्ये ठेवा: चालू तुकडी, तिला लागणाऱ्या बाटल्याच, दोन ब्रश, पॅलेट, कृतीचा कागद. ट्रे उचलला की काम सुरू. पांढऱ्या, दिवसासारख्या प्रकाशाचा दिवा घ्या. पिवळ्या दिव्याखाली लावलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो आणि तुकड्या एकमेकींशी जुळत नाहीत.

तीनच रात्री उरल्या असतील तर

आधी यादीला कात्री लावा. सैन्याची रचना बदलून एक मोठी मिनी दहा लहानांची जागा घेऊ शकते का ते बघा. बऱ्याच खेळांत घेते, आणि एक मोठा राक्षस कॉन्ट्रास्टने दहा शिपायांपेक्षा लवकर होतो. आधीच रंगवलेली जुनी तुकडी यादीत बसत असेल तर तीही घ्या. आयोजकांची यादी देण्याची मुदत उलटली नसेल तर हा बदल करायला संकोच करू नका.

पहिल्या रात्री उरलेल्या सगळ्यांना सपाट रंग, फक्त तीन-चार मोठे भाग. झोपताना सगळ्यांवर एकच तपकिरी वॉश. दुसऱ्या रात्री चेहरे आणि शस्त्रं, आणि झोपताना सगळ्या बेसवर पोताची पेस्ट. डोळे रंगवू नका. खोबणीत वॉशची सावली बसलेली असली की या आकाराला ते पुरतं, आणि थकलेल्या हाताने काढलेले डोळे चेहरा बिघडवतात. तिसऱ्या रात्री बेसवर ड्रायब्रश, बेसची कड, थोडं गवत, आणि जेवणाआधीच वार्निश, म्हणजे रात्रभर वाळायला मिळेल. अर्धवट वाळलेलं वार्निश असताना फोममध्ये भरलेल्या मिनीला फोम चिकटतो आणि रंग घेऊनच निघतो. वार्निशसाठी तेवढी रात्र मिळत नसेल तर ते सोडून द्या, खेळताना मिनी बेसला धरून उचला, आणि परत आल्यावर मारा.

प्रवासाच्या डब्यात सुपरग्लू, एक जुना ब्रश, बेसच्या कडेचा रंग आणि सैन्याचा मुख्य रंग एवढं असू द्या. वाटेत हात निखळतात, कडा खरचटतात, आणि पाच मिनिटांत दुरुस्त होतात.

परत आल्यावर, कंटाळा आला असला तरी, त्या आठवड्यातच कृतीचा कागद त्या सैन्याच्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा आणि नमुन्याची मिनी त्याच खोक्यात ठेवा. राहिलेल्या दहा सैनिकांना सहा महिन्यांनी हात लावाल तेव्हा कोणता निळा, कोणता वॉश, कोणता क्रम हे पुन्हा शोधावं लागणार नाही, आणि त्याच संध्याकाळी पहिला थर देता येईल.